लचक म्हणून सोडून दिलेला गुडघा

हात मोडला, डोकं फुटलं की आपण धावपळ करतो. कॉलेजच्या खेळाडूचा गुडघा मात्र 'लचकला' या एका शब्दात संपतो. तेल चोळायचं, क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि पुढच्या सामन्याला उभं राहायचं! ही सवय मोडायला हवी, आणि ते काम डॉक्टरांच्या आधी आपलं, म्हणजे शिक्षक-पालकांचं आहे.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट असतात. त्यातला आतला, तिरका जाणारा एसीएल खेळात सर्वांत जास्त गाजतो. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा कुणाच्या धडकेने तुटत नाही. पळता पळता एकदम थांबणं, पाय रोवून वळणं, उडी मारून वाकडं उतरणं एवढं पुरतं. आता आपले खेळ आठवा. कबड्डीतली चढाई, खो-खोतला खांबाजवळचा वळसा, बास्केटबॉल, फुटबॉल. सगळीकडे हेच चालतं.

मुलींच्या पालकांनी तर हे नीट वाचावं. अमेरिकेत एनसीएए ही संस्था 1982 पासून कॉलेज खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवते. त्या नोंदींवर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये एसीएलच्या दुखापतीचं प्रमाण फुटबॉलमध्ये दुपटीहून जास्त आणि बास्केटबॉलमध्ये सुमारे चौपट आढळलं. शरीराची ठेवण हे एक कारण आहेच. पण उडीनंतर गुडघे आत झुकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद कमी पडणं हीही कारणं आहेत, आणि ती सरावाने सुधारता येतात. म्हणून "मुलींना खेळायला पाठवू नका" हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. पाठवा, पण तयार करून पाठवा.

मुलं दुखणं लपवतात, कारण त्यांचं बरंच काही पणाला लागलेलं असतं. बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. एक स्पर्धा हुकली तर वर्ष गेलं, असं त्यांना वाटतं. पण तुटलेल्या एसीएलवर खेळत राहिलं तर गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कसही फाटू शकते. मग वर्ष नाही, खेळच जातो.

उलट वेळेवर उपचार झाले तर परत येता येतं. विनेश फोगट 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याला जबर दुखापत होऊन बाहेर पडली. 2018 मध्ये तिने आशियाई सुवर्ण जिंकलं. 2023 मध्ये तिच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठली. अर्थात घाई नको. शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरायला साधारण 9 महिने लागतात, आणि त्याआधी खेळल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका वाढतो.

मग आपण काय करायचं?

1. गुडघ्यात 'कट्' आवाज आला, काही तासांत सूज आली किंवा पाय टाकताना गुडघा निसटला, तर खेळ तिथेच बंद. चोळायचं नाही. बर्फ लावायचा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

2. सरावाआधी मैदानाला नुसत्या दोन फेऱ्या पुरत नाहीत. फिफाचा '11 प्लस' हा वॉर्म-अप 20 मिनिटांचा आहे, साहित्य जवळपास लागत नाही. नियमित केल्यास दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

3. प्रत्येक कॉलेजात दुखापतींची एक वही हवी. तारीख, खेळ, कसं घडलं, पुढे काय केलं. नोंदच नसेल तर किती मुलांचे गुडघे गेले हे आपल्याला कळणार कसं?

कपाटातल्या ढाली आपण दरवर्षी पुसतो. त्या जिंकून देणारी मुलं आज नीट जिना चढू शकतात का, हेही एकदा विचारूया.