एकट्याची वाट अडवू नका

गेल्या रविवारी एका गडाच्या पायथ्याला, वनखात्याच्या चौकीवरून एका मुलीला परत पाठवलं. कारण एकच, ती एकटी होती. सॅकमध्ये पाणी, विजेरी, शिटी सगळं होतं. कुठल्या वाटेनं चढणार नि कुठल्या वाटेनं उतरणार हे तिनं न विचारता सांगितलं. तिच्यामागून आलेली भरगच्च बस मात्र माणसं मोजून, पावती फाडून वर सोडली. त्या बसमधल्या किती जणांना उतरायची दुसरी वाट माहीत होती, हे कुणी विचारलं नाही.

ट्रेकच्या मोठ्या बॅचेसमध्ये माणूस स्वतः वाट बघत नाही, हे माझं जुनं मत. ते त्या रविवारी आणखी पक्कं झालं.

हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरची वाट घ्या. टोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प मागे पडलं, रेलिंगचा कातळटप्पा चढून झाला की माथ्यावर टेकडीमागून टेकडी लागते. धुक्यात तिथे ढोरवाट कुठली आणि मळलेली वाट कुठली, कळत नाही. एकटा माणूस फाट्यावर थांबतो. चिखलात बुटांचे ठसे आहेत की खुरांचे, हे वाकून बघतो. खुणेसाठी रचलेले दगड बराच वेळ दिसले नाहीत, तर शेवटचे दिसले होते तिथवर मागे जातो. चाळीस जणांच्या रांगेत हे कोण करतं? ज्याची त्याची नजर पुढच्याच्या सॅकवर. लीडर चुकला की सगळी रांग चुकली. मागच्या कुणाला शंका आली, तरी ती पुढे पोचेपर्यंत दोन टेकड्या ओलांडून झालेल्या असतात. पाऊस वाढला तर एकटा मुकाट्यानं फिरतो. बॅचमध्ये पैसे भरलेले असतात. मग ‘थोडंच राहिलंय’ म्हणत दमलेल्यालाही वर ओढतात. वर तो स्पीकर! गाणी वाजवत चढणाऱ्याला डोंगर दिसतच नाही, हे मी पुन्हा लिहितो आणि लिहीत राहीन.

एकट्याचा धोका मी नाकारत नाही. पाय मुरगळला तर निरोप न्यायला कुणी नसतं. मे 2022 मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एकटा गेलेला तरुण वाट चुकला. त्यानं फोनवरून कळवलं होतं, तरी शोधपथकांच्या हाती मृतदेहच लागला. पण नोव्हेंबर 2018 मध्ये हरिश्चंद्रगडाच्याच कोकणकड्यावर अडकला तो वीसेक जणांचा गट होता. म्हणून गटाला कुणी बंदी घातली नाही, आणि घालूही नये. मला विचाराल तर तिघा-चौघांसारखी सोबत नाही : एक जखमीजवळ थांबतो, दोघं गावात उतरतात.

वनखात्याला माझी विनंती साधी आहे. चौकीवर नोंदवही ठेवा. नाव, वाट, उतरायची वेळ आणि घरचा फोन लिहून घ्या. उतरल्यावर सही घ्या. अंधार पडेपर्यंत ज्याची सही नाही, त्याचा शोध त्याच रात्री सुरू करा. मग तो एकटा असो की चाळिसातला एक.