माझ्या ओळीचा अर्थ तू ठरव

मंडळी, गेल्या खेपेला आपण हायकूबद्दल बोललो. आज हायकू ज्या घरातून बाहेर पडला, त्या घरात जाऊ.

गाण्याच्या भेंड्या आपण सगळेच खेळलोय. शेवटचं अक्षर हाती लागलं की झालं. आधीचं गाणं विरहाचं होतं की बडबडगीत, याच्याशी पुढच्याला देणंघेणं नसतं. जपानमध्ये असाच एक बैठा खेळ शतकानुशतकं चालला, फक्त तिथे अक्षराऐवजी अर्थ पकडायचा. जुन्या दरबारी रूपाला रेंगा म्हणतात; बाशोच्या काळातल्या, रोजच्या बोलीतल्या मोकळ्या रूपाला आज रेंकू म्हणतात.

एकाने तीन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने दोन, पुढच्याने पुन्हा तीन. प्रत्येकाने लगतच्या कडव्याचा धागा धरायचा आणि त्याच्याही मागच्या कडव्याचा सोडायचा. धरणं सोपं असतं, सोडणं कठीण. नुसतं सांगून हे कळत नाही, म्हणून मीच चार कडवी रचून दाखवतो. समजा, पहिल्याने लिहिलं:

वळवाची सर
अंगणातल्या बाजेवर
राहिलेली उशी

दुसरा जोडतो:

चहाचं आधण दोनदा ठेवलं
पाहुणे अजून वाटेतच

पावसामुळे पाहुणे अडकले, असा अर्थ झाला. आता तिसऱ्याने छत्री, चिखल, गळकं छप्पर असलं काही आणलं, तर ते बाद. पाऊस मागे राहिला. तो लिहितो:

गाडीला उशीर
हमालांनी मांडला
पत्त्यांचा डाव

गंमत बघा. पाहुणे आता पावसामुळे नाही, गाडीमुळे खोळंबलेत. दुसऱ्याच्या ओळी त्याच, एक शब्द बदललेला नाही, पण अर्थ पार फिरला. आणि चौथा:

राजा टाकताना राणीवर
हात जरासा थांबला

स्टेशन गेलं, हमाल गेले, प्रेमाची गोष्ट सुरू झाली. जपानी बैठकीत प्रेमाच्या कडव्यांना ठरलेला मान असतो, तो असा मिळाला.

हे सगळं सलग वाचून कथा शोधू नका, सापडणार नाही. मला यातली खरी परीक्षा वेगळीच वाटते. मी पाहुण्यांची वाट बघणारी बाई मनात धरून लिहिलं, आणि शेजारच्याने तिला माझ्यादेखत दुसऱ्याच कारणासाठी वाट बघायला लावलं. यावर ‘अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही. आपल्या कविसंमेलनांत कवी स्वतःची कविता वाचतो, टाळ्या घेतो आणि दुसऱ्याची सुरू झाली की चहाकडे वळतो. रेंकूत असा माणूस पुढची ओळच लिहू शकत नाही.

१४८८ साली सोगी आणि त्याचे दोन शिष्य, शोहाकू आणि सोचो, यांनी मिळून मिनासे इथली शंभर कडव्यांची प्रसिद्ध साखळी रचली. ओनिनच्या युद्धात क्योतो शहर होरपळून निघालं, त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. पुढे बाशोच्या काळात छत्तीस कडव्यांची साखळी रूढ झाली. तिला कासेन म्हणतात. तिच्यात चंद्राच्या तीन जागा आणि फुलांच्या दोन राखीव. फूल म्हणजे चेरीचा बहर, आणि नुसता चंद्र म्हटलं की तो शरदातला. पहिलं कडवं, होक्कु, सहसा मुख्य पाहुण्याचं. त्यात त्या दिवसाचा ऋतू हवा. दुसरं यजमानाचं. म्हणजे ‘या, बसा’ आणि ‘बरं वाटलं येऊन’ हेसुद्धा कवितेतच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकीने हे पहिलं कडवं सुटं काढलं आणि त्याला हायकू म्हटलं. उरलेल्या साखळीला तो साहित्य मानायला तयार नव्हता. साखळीत मान असतो तो बदलाला, आणि बदल ही साहित्याबाहेरची गोष्ट, असं त्याचं मत. शिरीष पै यांनी मराठीत रुजवला तो हायकू या सुट्या झालेल्या कडव्याचाच वंशज. शिकी मोठा कवी, पण इथे मला त्याचं पटत नाही. खुद्द बाशोला होक्कुपेक्षा साखळीतल्या आपल्या कसबाचा जास्त अभिमान होता, असं त्याच्या शिष्यांनी नोंदवलंय.

त्या बाशोचा शेवटचा प्रवासही याच पायी झाला. १६९४ मध्ये तब्येत साथ देत नसताना तो ओसाकाला गेला, कारण तिथल्या त्याच्या दोन शिष्यांचं आपसांत बिनसलं होतं. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकमेकांच्या ओळी काय पुढे नेणार? ओसाकातच तो आजारी पडला आणि तिथेच वारला.

करून बघायचं असेल तर छत्तीसच्या नादी लागू नका, बारा कडव्यांचाही प्रकार आहे. चार-पाच जण पुरेत. अक्षरं मोजत बसू नका, जपानी मोजणी मराठीला बसत नाही. एकाला प्रमुख नेमा आणि त्याला कडवं परत करायचा अधिकार द्या. तो वयाने सगळ्यांत मोठा असलाच पाहिजे असं नाही, उलट सून प्रमुख आणि सासरे कवी असं जमलं तर फारच छान. एकाने नुसतं लिहून घ्यावं, मोठ्याने वाचावं. शेवटचं कडवं हलकं, प्रसन्न आणि चटकन झालेलं हवं, लोकांना ताटकळत ठेवायचं नाही. तोवर पोहे गार झालेले असतात.