घरमालकाचे भय आणि नोंदलेला करार

होटगी हे मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन. विजयपूरमार्गे गदगला जाणारा मार्ग येथूनच फुटतो. जवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा स्थळी बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला आणि ठेकेदाराच्या मजुरांना खोली हवी असते. ती देणारा घरमालक बहुधा निवृत्तीच्या पैशातून राहत्या घरालगत दोन खोल्या बांधणारा सामान्य गृहस्थ असतो. एक भाडेकरू भाडे न देता अडून बसला, की त्याचे भाड्याचे निम्मे उत्पन्न बुडते. वीस गाळ्यांच्या मालकाची जोखीम विभागली जाते. याची विभागली जात नाही.

त्याचे भय निराधार नाही. १९४७ च्या मुंबई कायद्याने भाडी गोठविली, ती अर्धशतक जवळजवळ तशीच राहिली. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. तत्पूर्वी १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा बहाल केला होता. परवाना दिला की घर गेले, ही समजूत तेव्हापासूनची.

कायदा पुढे बदलला. समजूत मात्र तशीच राहिली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार निवासी परवान्याची मुदत संपल्यावर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. अडून राहणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. परंतु कलम ५५ म्हणते की करार लेखी व नोंदणीकृत असावा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे विरुद्ध पुरावा येईपर्यंत ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा सर्रास ऐकू येणारा सल्ला येथे साफ चुकीचा ठरतो. हा कायदा लागू नसलेल्या गावी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये महिनेवारी भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस देता येते; पण भाडे महिनेवारी होते हे दाखविण्यास तेथेही कागदच उपयोगी पडतो.

कागद टाळणारा मालक मग अनामत वाढवितो, अविवाहितांना आणि परजातीच्यांना खोली नाकारतो. म्हणजे एकाच्या संभाव्य लबाडीचे मोल दुसराच आगाऊ चुकवितो! याउपर भाडे थकले, की पाणी किंवा वीज तोडण्याचा मोह होतो. कलम २९ नुसार तो अपराध आहे, आणि ज्याची बाजू न्याय्य होती तोच आरोपी होऊन उभा राहतो. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क धरूनही हा खर्च एका महिन्याच्या थकबाकीहून क्वचितच अधिक भरेल.

ठेकेदाराचे प्रकरण याहून नाजूक असते. खोली घेतो एक, राहतात आठ. काम संपताच तो निघून जातो आणि वीजबिल मालकाच्या नावावर राहते. म्हणून राहणाऱ्यांची संख्या, वीजबिलाची जबाबदारी, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई आणि अनामत परत करण्याची रीत करारात स्पष्ट लिहावी, आणि दरमहा भाड्याची पावती द्यावी. पावती देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेलेच आहे.