शेवटच्या दहा हातांची जबाबदारी

रस्ता खणला, मोठी नळी पुरली, वर माती लोटली, म्हणजे भुयारी गटाराची योजना पुरी झाली, असा एक सोईस्कर समज आपल्याकडे रूढ झाला आहे. पुढाऱ्याचा नारळ आरंभीच फुटलेला असतो. माती लोटली की ठेकेदाराचे बिलही निघते. परंतु ज्या मैलापाण्यासाठी हा सारा खटाटोप, ते घराघरांत निर्माण होते. घरच्या मोरीपासून रस्त्यातील गटारापर्यंतचे जे दहा हातांचे अंतर, ते कोणी, कसे व कोणत्या नियमाने जोडावयाचे, या प्रश्नापाशी येताच सगळ्यांचा उत्साह मावळतो. शहराच्या आरोग्याचा निकाल मात्र या दहा हातांतच लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतिहासाचा दाखला हवा असेल तर 1854 सालच्या लंडनकडे पाहावे. ब्रॉड स्ट्रीट या वस्तीत पटकीने सुमारे दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. रोगाचे मूळ तेथील सार्वजनिक पंपाच्या पाण्यात आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले. पुढे 1855 मध्ये जमीन उकरून पाहिली तेव्हा एका घराचा मैल्याचा खड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत असून त्याच्या विटांच्या खिळखिळ्या बांधणीतून घाण झिरपत असल्याचे आढळले. एका घराचे निकृष्ट बांधकाम साऱ्या वस्तीस भोवले!

हा धडा बेळगावकरांस तरी परका वाटू नये. हे विहिरींचे गाव आहे. जुन्या गल्ल्यांतील वाड्यांच्या परसात विहिरी आहेत. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीरही आहे. विहिरीशेजारून जाणाऱ्या नळीचा एक सांधा निखळला तर पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणी नासते. दुसरीकडे, गटारात न पोहोचणारे सांडपाणी उघड्या नाल्यांत उतरते. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शिवारात शिरते तेव्हा वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शेतकऱ्याचे उभे भात कुजते. आणि शुद्धीकरणाचा प्रकल्प उभारावयाचा म्हटला की हलग्याच्या शेतकऱ्याची सुपीक जमीन घेतली जाते. शहराने घाण करावी आणि किंमत शेतकऱ्याने मोजावी, हा कुठला न्याय?

जोडणीचे नियम काही गूढ शास्त्र नव्हे. नळीला पुरेसा आणि एकसारखा उतार पाहिजे. चार इंची नळीला चाळीस फुटांस एक फूट, सहा इंचीला साठ फुटांस एक फूट, हा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. पाणी सेकंदाला सुमारे दोन फूट वेगाने वाहिले तरच मैला तळाशी बसत नाही. नळी सरळ रेषेत न्यावी. जेथे वळण तेथे चेंबर बांधावे, म्हणजे तुंबल्यास वरून साफ करता येते. संडास व मोरीच्या तोंडाशी सापळा असावा व त्यात दोन इंच पाणी सदैव उभे राहावे. गटारातील विषारी वायूला घरात येण्यास तेवढाच अडसर असतो. वायू वर निघून जाण्यासाठी छपरापेक्षा उंच हवानळी असावी. मुख्य गटाराशी सांधा प्रवाहाच्या दिशेने व पालिकेच्या परवानगीनेच करावा; रात्री घण मारून नळी फोडावयाची आणि भोकात आपली नळी खुपसावयाची, ही जोडणी नव्हे, दरोडा आहे. चर बुजविण्यापूर्वी नळीत पाणी भरून सांधे तपासावेत. जुनी सेप्टिक टाकी उपसून, तिचा संबंध तोडून, ती मातीने भरून टाकावी. आणि पिण्याच्या पाण्याची नळी त्याच चरात कदापि घालू नये. जेथे नळाला पाणी काही तासच येते, तेथे पाणी बंद होताच रिकामी नळी भोवतालची घाण आत ओढते, हे गृहिणींनीही ध्यानी ठेवावे.

यांहून अधिक मोडला जाणारा नियम पावसाच्या पाण्याचा आहे. पन्हळीचे व अंगणाचे पाणी मैल्याच्या गटारात सोडू नये. ते गटार केवळ सांडपाण्याच्या मानाने बेतलेले असते. आपल्याकडचा आषाढ-श्रावणाचा पाऊस त्यात लोटला की मॅनहोलची झाकणे उचलली जातात आणि उंचावरील घरांची घाण सखल गल्लीतील गरिबाच्या ओसरीवर येते.

तुंबलेले गटार मोकळे करावयास शेवटी कोणाला बोलावतात, हे काय सांगावयास हवे? 2013 च्या कायद्याने माणसाला संरक्षणाविना गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरविली व ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. पण भरपाईने घरचा कर्ता परत येत नाही. ज्याने उतार चुकविला, चेंबर वाचविले, चिंध्या नि राख मोरीत लोटली, त्यानेही त्या मृत्यूस हातभार लावला, असे आम्ही म्हणतो.

तथापि सारा बोजा नागरिकाच्या माथी मारून पालिकेस मोकळे होता येणार नाही. जो नियम वाचता येत नाही तो पाळावा कसा? ज्या नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातच म्हटले आहे. मग जोडणीचा अर्ज, नियम व नकाशाचा नमुना मराठीतही मिळावा, ही मागणी हट्टाची म्हणता येईल काय? मराठी गृहस्थ दंडाला पात्र ठरतो, तर तो सूचनेलाही पात्र ठरला पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. रस्ता खणतानाच प्रत्येक घरासाठी जोडनळी काढून ठेवावी, म्हणजे नवा डांबरी रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही. गरीब कुटुंबांस खर्च हप्त्यांनी फेडू द्यावा. परवानाधारक प्लंबरांची यादी व दर गल्लीगल्लीत लावावेत. आणि चर बुजण्यापूर्वी पालिकेच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन पाणी भरून पाहिल्याखेरीज दाखला देऊ नये.

नागरिकबंधूंनो, पालिकेशी भांडावयाचे तेथे आपण भांडूच. ती आपली जुनी सवय आहे. परंतु आपल्या उंबऱ्याआतला उतार आपणच पाहावयाचा आहे. या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचे पाणी कोठे जाते, याचा एकदा शोध घ्यावा. ते शेजाऱ्याच्या विहिरीत वा शेतकऱ्याच्या भातात जात असेल, तर तक्रारीचा पहिला अर्ज त्याने स्वतःच्याच नावे लिहावा.