सुटीचें शिबिर कशासाठीं ?

चैत्र सरत आला कीं कांदिवलीच्या पश्चिमेस चारकोप भागांत मुलांच्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती दिसूं लागतात. चित्रकला, नृत्य, बुद्धिबळ, वैदिक गणित, इंग्रजी संभाषण— दहा दिवसांत सर्व कांहीं, आणि शेवटीं प्रमाणपत्र. या जाहिराती वाचतांना आमच्या मनांत एक साधा प्रश्न येतो. हें शिबिर मुलाला नेमकें काय देण्यासाठीं आहे ?

प्रत्येक पिढीनें या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलेलें आहे. आज शिवाजी पार्कावर असलेलें श्रीसमर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालीं स्थापन झालें, तेव्हां देश परतंत्र होता. मुलांचीं शरीरें कणखर व्हावींत व अंगीं शिस्त बाणावी, हा त्या काळच्या व्यायामशाळांचा हेतु. १९४१ सालीं राष्ट्र सेवा दल निघालें आणि शिबिराला दुसरा अर्थ आला. कवाईत राहिली, पण तिच्या जोडीस श्रमदान, समूहगीतें आणि एका पंक्तीचें जेवण आलें. सोंवळ्या-ओंवळ्यांत वाढलेल्या आपल्या घरच्या मुलानें शेजाऱ्याची जात न विचारतां त्याच्याबरोबर भाकरी खावी, हा लहान संस्कार नव्हता. १९५० सालीं साने गुरुजी गेले. पुढें प्रकाशभाई मोहाडीकरांनीं त्यांच्या नांवें कथामाला चालविली. १९५९ सालीं सुधा करमरकरांनीं ‘लिटल थिएटर’ काढून मुलांसाठीं रंगभूमि उभी केली, आणि कलागुणांच्या जोपासनेकडे पालकांचें लक्ष वळूं लागलें.

ध्येय असें बदलत गेलें, यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. घरांत जें मिळत नव्हतें तें बाहेरून मिळावें, एवढाच या सर्वांमागचा हेतु होता. घरीं पाठांतरावर भर होता, तेव्हां आखाड्यानें शरीर घडविलें. घरांत जातीची भिंत होती, तेव्हां पंक्तीनें ती थोडी तरी खालीं आणली. आजी दूर राहिली, तेव्हां कथामालेनें गोष्ट सांगितली.

मग आजच्या घराची उणीव कोणती ? आईबाप दोघेंही सकाळच्या गाडीनें नोकरीस जातात. घरांत मूल एकच. सुटींत जावें तर मामाही आतां मुंबईंतच. मुलाजवळ शिकवणी आहे, मोबाईल आहे. सवंगडी नाहींत आणि कोणीं न आखलेला वेळ नाहीं. अशा मुलास आणखी दहा विषयांचे वर्ग लावणें म्हणजे भरल्या पोटीं पुन्हा पान वाढणें होय. पालकांस आम्ही बोल लावीत नाहीं. आपल्यामागें मूल सुरक्षित राहावें ही त्यांची निकड खरी आहे. पण ती निकड भागवितांना मुलाची सुटीच संपून जाऊं नये.

चारकोपला तर यावरचें औषध दारांतच आहे. जागतिक बँकेनें १९८५ सालीं कर्ज दिलेल्या योजनेंतून म्हाडानें येथें भूखंड पाडले, रस्ते-पाण्याची सोय केली, आणि लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें घरें बांधलीं. सुमारें ३५ घरांचा एक गट व मध्यें सर्वांचा मिळून एक चौक, अशी त्या वसाहतीची रचना. त्या चौकांत आज दुचाक्या उभ्या असतील, तर मे महिन्यापुरत्या त्या सकाळीं दोन तास बाहेर काढाव्यात. दहावी झालेल्या ताईनें धाकट्यांस लगोरी शिकवावी, कोणा आजोबांनीं गोष्ट सांगावी. ऊन चढलें कीं मुलांनीं आळीपाळीनें एकेका घरीं बसावें. ज्या घरची पाळी त्या घरानें पन्हें द्यावें. नोकरीवर गेलेल्या आईनें रविवारीं आपली पाळी फेडावी. शेजारचें मूल कोणत्या जातीचें, कोणत्या भाषेचें, याची चौकशी मात्र कोणीं करूं नये.

यास खर्च फारसा नाहीं. शेजाऱ्यावर विश्वास मात्र टाकावा लागेल, आणि आपणां शिकल्यासवरल्यांस तोच अधिक जड जातो. जूनमध्यें शाळा उघडतांना आपलें मूल चौकांतील चार मुलांना नांवानें हाक मारूं लागलें, तरी सुटी सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.