शस्त्रक्रियेच्या टेबलावरील भौतिकशास्त्र

मुखकर्करोगात जबडा काढावा लागला, तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत पायातील फिब्युला हाडापासून नवा घडवतात. बातम्यांत यंत्रमानव झळकतो. रुग्णाला टेबलावर कसे निजवले याचा उल्लेखही नसतो. माझ्या मते खरे विज्ञान तिथेच आहे. मान वळवलेल्या स्थितीत जोडलेली दोन-तीन मिलिमीटरची शीर मान सरळ होताच मुडपली, तर रक्त तुंबून रोपित ऊती मरते. डोके हृदयाहून 10 सेंटिमीटर उंच केल्यास तेथील रक्तदाब सुमारे 8 मिलिमीटर पाऱ्याने उतरतो. रक्तस्राव घटतो, पण पुरवठाही. आणि टाच? आठ-दहा तास सारा भार तिच्या इवल्याशा क्षेत्रफळावर! उशी पोटरीखाली सरकवून टाच अधांतरी ठेवली नाही, तर जबडा सावरलेला रुग्ण टाचेची जखम घेऊन घरी परततो.