जास्त अ‍ॅडव्हान्स आला म्हणून वचन वाढवू नका



अ‍ॅडव्हान्स कमी पडला की धंदा अडतो, हे सगळ्यांना कळतं. पण अपेक्षेपेक्षा जास्त आला तरी अडतो, हे मला दुकानात मार खाऊन कळलं. आज उदाहरण घेतोय व्हिडिओ गेमचं. गेम खेळत नसाल तरी वाचा, हिशोब आपलाच आहे.

किकस्टार्टर नावाची अमेरिकन वेबसाइट आहे. गेम बनवणारे तिथे आधी कल्पना मांडतात, किती पैसे लागतील आणि साधारण कधी देऊ ते सांगतात. लोक आगाऊ पैसे लावतात. ठरलेली रक्कम जमली तरच ते पैसे मिळतात.

फेब्रुवारी 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन कंपनीने 4 लाख डॉलर मागितले. महिन्याभरात 87 हजार लोकांनी 33 लाख डॉलर दिले! गेम द्यायचा अंदाज होता ऑक्टोबर 2012. आठपट पैसे हातात, मग उशीर का व्हावा? कारण पैशाबरोबर गेमही फुगला. 2013 मध्ये कंपनीचे प्रमुख टिम शेफर यांनी स्वतःच कळवलं, की एवढा मोठा गेम या पैशात बसत नाही, दोन भाग करावे लागतील. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग जानेवारी 2014 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2015 मध्ये.

दुसरं उदाहरण 'शॉव्हल नाइट'चं. 2013 मध्ये मागितले 75 हजार डॉलर, मिळाले 3 लाखांच्या वर. किकस्टार्टरवर 'स्ट्रेच गोल' असतात, म्हणजे अमुक रकमेच्या वर गेलो तर हेही देऊ, तेही देऊ. यांनी गेममधले खलनायक घेऊन वेगळे खेळ द्यायचं कबूल केलं. मूळ गेम जून 2014 मध्ये आला, पण कबूल केलेलं सगळं पूर्ण व्हायला डिसेंबर 2019 उजाडला. महिन्याभराच्या उत्साहात दिलेला शब्द साडेसहा वर्षं फेडला.

आता माझं ऐका. माझं गिफ्टचं दुकान आहे. एका दिवाळीला एका कंपनीची 60 ड्रायफ्रूट बॉक्सची ऑर्डर होती, ती 240 वर गेली. अ‍ॅडव्हान्स बघून मी हवेत! म्हटलं, प्रत्येक बॉक्सवर नाव छापून देतो, सोबत रंगवलेली पणती देतो, सगळं फुकट. नावांच्या याद्या बदलत राहिल्या, पणत्या वाळेनात, अ‍ॅडव्हान्स तर मालात अडकलेला. टेम्पो पोहोचला भाऊबीजेला. त्याआधी चार दिवस मी त्यांचा फोन उचलला नव्हता. ते साहेब एवढंच म्हणाले, "उशीर होतो हो, पण तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडून घेतलं असतं." पुढच्या दिवाळीला त्यांची ऑर्डर आली नाही.

काही जण म्हणतील, ग्राहकाला जास्त दिलं तर तो खूश होतो. होतो ना, पण वेळेवर मिळालं तर! बीबीएला अकाउंट्समध्ये शिकलो होतो, की आगाऊ घेतलेली रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसते. परीक्षेत बरोबर लिहिलं, गल्ल्यावर बसल्यावर विसरलो. ती कमाई नाही, उधारी आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑर्डर वाढली तर नग वाढवा, वचन वाढवू नका. मोहोर दिसला म्हणून आंबे वाटून टाकायचे नसतात. जास्तीचे पैसे आले तर काही रक्कम अडीअडचणीला बाजूला ठेवा. किती नग झेपतात हा आकडा ऑर्डर घेण्याआधी वहीत लिहा, मोहात पडल्यावर नाही.

आणि उशीर होणार हे ज्या दिवशी तुम्हाला कळलं, त्याच दिवशी ग्राहकाला कळू द्या. डबल फाइनने गेम बनताना त्याचे व्हिडिओ काढून पैसे देणाऱ्यांना दाखवले, अडचणींसकट. तरी काही लोक चिडले. पण चिडलेला ग्राहक निदान बोलतो तरी. माझा ग्राहक न बोलता गेला.

आज एकच काम करा. ज्यांचा अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडे आहे त्यांची यादी काढा, आणि ज्याचा माल लांबणार आहे त्याला पहिला फोन तुम्ही करा.